किटमधला कपॅसिटर ओळखताना: माझा अनुभव

भाचीला विज्ञान प्रदर्शनात एलईडी फ्लॅशर मांडायचा होता, म्हणून ५५५ टायमरचं (ठरावीक वेळानं दिवा चालू-बंद करणाऱ्या आयसीचं, म्हणजे चिपचं) किट ऑनलाइन मागवलं. रेझिस्टर रंगांवरून पटापट लागले, आयसीचं सॉकेटही बसलं. गाडी अडली ती वीज साठवणाऱ्या कपॅसिटरपाशी. सामान चोख होतं, वैताग दिला तो सोबतच्या कागदानं, आणि तो राग अजून गेलेला नाही.

यादीत ‘०.०१ एमएफडी’ (म्हणजे मायक्रोफॅरड; फॅरड हे कपॅसिटरच्या क्षमतेचं माप), सर्किटच्या चित्रात ‘१० एन’ आणि पाकिटातल्या चकतीवर नुसतं ‘१०३’. तिन्ही एकच! पण तसं कागदावर कुठंही छापलेलं नाही. "मामा, १०३ यादीत नाहीच की," असं नववीतली पोर म्हणाली, तर तिचं काय चुकलं?

चकतीवरचा आकडा असा वाचायचा: पहिले दोन आकडे तसेच घ्यायचे, तिसऱ्या आकड्याइतकी शून्यं पुढं लावायची; उत्तर पिकोफॅरडमध्ये येतं. १०३ म्हणजे १०,००० पिको. हजार पिकोंचा एक नॅनो, हजार नॅनोंचा एक मायक्रो. म्हणून १० नॅनो, म्हणजेच ०.०१ मायक्रो. याच हिशेबानं १०४ म्हणजे ०.१ मायक्रो. चकतीवर नुसतं २२ असेल तर ते सरळ २२ पिको.

खरा घोळ पुढं होता. वेळ ठरवणाऱ्या कपॅसिटरपुढं छापलं होतं ‘१० एमएफ’, त्यातला ‘एम’ लहान लिपीतला. नियमानं तो मिली, म्हणजे १०,००० मायक्रो! पाकिटात मात्र १० मायक्रोचा, २५ व्होल्टचा. लक्ष्मीपुरीतल्या स्पेअरपार्टवाल्यांना विचारलं. "भावा, जुनी सवय आहे ती. एमएफ दिसलं की मायक्रोच धरायचं." तरी घरी ५५५ च्या वेळेचं सूत्र मांडून बघितलंच. १ किलोओहम आणि ६८ किलोओहमच्या रेझिस्टरांच्या जोडीला १० मायक्रो लावला तर दिवा साधारण सेकंदाला एकदा लुकलुकतो. मिली धरला असता तर एका लुकलुकीला सोळा मिनिटं लागली असती. आणि तिथं १०४ लावला तर सेकंदाला शंभरेक वेळा, म्हणजे डोळ्याला दिवा सलग पेटलेलाच दिसणार. हे गणित भाचीनं स्वतः करून तक्त्यावर लिहिलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

आकड्यामागचं अक्षर किमतीत धरू नका, तो छापील किमतीपासून किती फरक पडू शकतो याचा अंदाज: ‘जे’ म्हणजे ५ टक्के, ‘के’ १०, ‘एम’ २०. आणि ‘४एन७’ म्हणजे ४.७ नॅनो, बारीक टिंब पुसलं जातं, म्हणून त्याच्या जागी अक्षर. व्होल्टचा आकडा यादीपेक्षा जास्त असला तरी चालतो, कमी कधीच नको.

हो, एक राहिलंच. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवरचा पट्टा ऋण बाजूला असतो, टँटलम कपॅसिटरवरचा धन बाजूला. सोल्डर करण्याआधी हे बघाच.

विक्रेत्याला कागदाचा फोटो आणि दुरुस्त केलेली यादी पाठवली आहे. प्रत्येक कपॅसिटरपुढं अंगावरचा आकडा आणि मायक्रोतली किंमत एकाच ओळीत छापा, एवढंच मागणं आहे.