असाकुसाची सिनेमा-सफर: साडेसहा हजार येन कशाचे?

टोकियोला येणाऱ्यांनी असाकुसातली ‘जपानी सिनेमाचा उगम’ ही साडेसहा हजार येनांची पायी सफर घेऊ नये. गल्ल्या जरूर फिराव्यात, पण आपल्या आपण.

पहिली ठेच स्टेशनावरच लागते. सफरवाल्यांच्या निरोपात फक्त ‘असाकुसा स्टेशन’ लिहिलेलं होतं. निशिकासाईहून, म्हणजे टोकियोतल्या भारतीयांच्या वस्तीतून निघालेला आपला माणूस तोझाई लाइनने निहोम्बाशीला येणार आणि तिथून गिन्झा लाइन पकडणार, म्हणजे उतरणार तो नदीकडच्या असाकुसाला. मंडळी जमली होती त्सुकुबा एक्स्प्रेसच्या असाकुसाला. ते स्टेशन वेगळं, पश्चिमेला, आणि सेन्सोजी देवळाची गर्दी कापत जायचं तर चांगली दहा मिनिटांची चाल. कुणाबरोबरही जा, कुठल्या लाइनचं असाकुसा हे आधी लेखी विचारून घ्या.

आता रोक्कू. जुन्या असाकुसा उद्यानाचा हा सहावा विभाग, एके काळी थेटरांनी गच्च भरलेला. जाहिरातीत ठळक अक्षरांत होतं, ‘जपानचं पहिलं कायमस्वरूपी सिनेमागृह पाहा’. गाईड थांबला, वर बोट केलं. हिने हळूच विचारलं, “अहो, थेटर कुठंय?” समोर बाल्कनीत कपडे वाळत घातलेली राहती इमारत. देन्कीकान इथे होतं. मुळात विजेच्या करामती दाखवायचं सभागृह, १९०३ च्या ऑक्टोबरात त्याचं सिनेमागृह झालं आणि १९७६ साली ते बंद पडलं. मग ‘पाहा’ कशाला लिहिता?

उरलेली थेटरंही नाहीत. १९२३ च्या भूकंपात आणि आगीत सगळं बेचिराख झालं, पुन्हा उभं राहिलं, १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात पुन्हा जळालं. त्यातूनही जे सावरलं ते प्रेक्षकांअभावी संपलं. असाकुसातली शेवटची सिनेमागृहं २०१२ साली बंद झाली. हे कारण गाईडने दोन वाक्यांत उरकलं आणि दिव्यांच्या खांबांवरच्या विनोदी नटांच्या तसबिरींपाशी मात्र ठाण मांडलं. ती बहुतेक युद्धानंतरची मंडळी. मूकपटाशी त्यांचा काय संबंध?

आणि हे सगळं भर दुपारी, तापलेल्या रस्त्यावर, सावलीचा पत्ता नसताना. तो होता शनिवार. रोक्कूत घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावायचं मोठं केंद्र आहे, त्यामुळे शनिवार-रविवारी हातात वर्तमानपत्र आणि कानाला पेन्सिल लावलेल्या काकालोकांची झुंबड. त्या कोलाहलात गाईडचा आवाज पोचतो तो पुढच्या तिघांपर्यंत. मी मागे होतो. वर ‘त्या काळच्या वातावरणातली कॉफी’ म्हणून बाराशे येन वेगळे काढले, आणि कॉफी साधी फिल्टरची! ऑगस्टात तर ही सफर फुकट दिली तरी नको.

र्‍योउन्काकु हा इथलाच बारा मजली मनोरा १८९० चा, जपानची पहिली विजेवर चालणारी लिफ्ट याच्यातच. भूकंपात वरचे मजले कोसळले, उरलेला भाग लष्कराने सुरुंग लावून पाडला. त्याची जागा पाहायला पाच मिनिटं पुष्कळ.

पैसे वसूल झाले ते एकदाच. एका आडोशाला गाईडने टॅबलेटवर मूकपटाचा तुकडा लावला आणि स्वतः बेन्शी झाला. पडद्याशेजारी उभा राहून सगळ्या पात्रांचे आवाज काढणारा, गोष्ट सांगणारा तो बेन्शी. म्हातारी, गुंड, कुत्रं, सगळं एकाच गळ्यातून! अंगावर काटा आला, उन्हाचा त्रासही विसरलो. लोक नटापेक्षा बेन्शीचं नाव बघून तिकीट काढायचे ते उगाच नाही. मग बोलपट आला. आपला ‘आलम आरा’ १९३१ चा, तिथला पहिला यशस्वी बोलपटही त्याच साली. पुढच्या वर्षी बेन्शींनी संप केले, पण उपयोग झाला नाही. दिग्दर्शक अकिरा कुरोसावाचा थोरला भाऊ हेइगो हाही बेन्शी, संपात पुढे होता. १९३३ साली त्याने आत्महत्या केली.

या बेन्शींचं स्मारक सेन्सोजीच्या आवारात, मुख्य देवळाच्या पश्चिमेला इतर स्मारकांच्या गर्दीत आहे. दगडावर बेन्शींची नावं कोरलेली. सफर तिथवर गेलीच नाही, ‘वेळ संपली’ म्हणून रस्त्यातच टाटा! आम्ही विचारत विचारत गेलो. अख्ख्या असाकुसात जुन्या सिनेमाचं हात लावून पाहण्याजोगं मला एवढंच सापडलं.

तेव्हा असं करा. सकाळी लवकर, मंगळवार ते शुक्रवार. आधी सेन्सोजी आणि बेन्शींचा दगड, मग रोक्कूतून एक फेरी, तासाभरात मोकळे. तिथून गिन्झा लाइनने थेट क्योबाशीला जा. राष्ट्रीय फिल्म संग्रहालयात सातव्या मजल्यावर जपानी सिनेमाच्या इतिहासाचं कायमचं प्रदर्शन आहे, तिकीट २५० येन, आत गारवा आणि टेकायला जागा. फक्त सोमवारी जाऊ नका, बंद असतं.