घरच्या पोर्चमध्ये गाडीचा सेल्फ बदलला, त्याचा अनुभव

गाडीचा सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, बदलणं हे तसं दोन बोल्ट आणि दोन वायरींचं काम. इंजिन उघडावं लागत नाही, ऑइल काढावं लागत नाही. पण याच कामात आठ-नऊशे किलोची गाडी डोक्यावर असते आणि हाताशी एक जाड वायर असते, जिला बहुतेक गाड्यांत फ्यूजच नसतो. त्यामुळे हे काम किरकोळ आहे असं मी कुणालाही म्हणणार नाही. क्रम पाळला तर घरी करता येतं, एवढं मात्र नक्की. मी ते नागपुरात, मानेवाड्याच्या आमच्या ले-आउटमध्ये, घरच्या पोर्चमध्ये केलं. कसं केलं ते लिहिते.

मे महिन्यात बाबांना तपासणीसाठी मेडिकलला, म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, नेलं होतं. परत निघताना किल्ली फिरवली तर नुसता टक् असा आवाज आला आणि पुढे काही नाही. पार्किंगमधला एक जण मदतीला आला आणि म्हणाला, बॉनेट उघडा ताई, पेचकस लावून सेल्फ शॉर्ट करून देतो. मी नाही म्हटलं. सेल्फच्या दोन टर्मिनलवर पेचकस आडवा टाकला की किल्लीचा, क्लचचा, कशाचाच पहारा राहत नाही. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती समोर उभ्या माणसावर उडी घेते. शिवाय ठिणग्या बॅटरीजवळ उडतात, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. रस्त्यावर ही युक्ती सर्रास चालते, म्हणून मुद्दाम लिहिते: करू नका, कुणाला करू देऊ नका. चार जणांनी धक्का मारला, दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला, गाडी सुरू झाली आणि आम्ही घरी पोचलो.

घरी येईपर्यंत सगळ्यांचं एकमत झालं होतं की बॅटरी गेली. नागपुरात असं वाटणं चूक नाही. पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा बॅटरीच्या आतल्या प्लेट लवकर गंजतात, पाणी उडतं, आणि थंड गावातल्यापेक्षा ती लवकर संपते. पण मला एक गोष्ट खटकत होती. किल्ली फिरवताना डॅशबोर्डचे लाइट जराही मंद झाले नव्हते. बॅटरी मेलेली असेल किंवा टर्मिनल सैल असेल तर लाइट हमखास मंद पडतात.

मल्टिमीटर घरात आहे, कुलरचा पंप आणि मोटर मीच बघते. गाडी उभी असताना बॅटरीवर १२.५ व्होल्ट दिसले. मुलाला किल्ली फिरवायला लावली तर १२.१. ही खरी खूण. सेल्फ इंजिन फिरवायला लागला की शंभराहून जास्त अँपिअर खेचतो आणि चांगल्या बॅटरीचा आकडाही साडेदहाच्या आसपास उतरतो. साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरीवर संशय घ्यावा. इथे आकडा उतरतच नव्हता, म्हणजे मोटरपर्यंत प्रवाह पोचतच नव्हता.

माझ्या गाडीत एअर फिल्टरचा डबा काढला की सेल्फच्या पाठीवरची टर्मिनलं वरून दिसतात. बॅटरीची जाड वायर येते ते ३० नंबरचं, किल्लीकडून बारीक वायर येते ते ५० नंबरचं, आणि सोलेनॉइडमधून, म्हणजे सेल्फवरच बसवलेल्या विजेच्या चुंबकी स्विचमधून, मोटरच्या आत जाणारं तिसरं. मीटरच्या वायरी चिमट्यांनी लावून ठेवल्या, हात बाहेर काढले, ओढणी बाजूला ठेवली, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला आहे हे दोनदा पाहिलं, आणि मगच मुलाला सांगितलं, फिरव. ३० वर पूर्ण व्होल्टेज होतं. किल्लीसरशी ५० वरही आलं, म्हणजे किल्ली आणि रिले ठीक. टक् झाल्यावर तिसऱ्या टर्मिनलवर मात्र जेमतेम काही. सोलेनॉइड आत ओढला जात होता, पण त्याचे तांब्याचे कॉन्टॅक्ट जळले असल्याने पुढे प्रवाह जात नव्हता. निदान झालं. हे न करता नवी बॅटरी आणली असती तर पैसे गेले असते आणि टक् तसंच राहिलं असतं.

हातोडीने सेल्फ ठोकून पाहायचा सल्लाही मिळाला. जुन्या वायंडिंगवाल्या, म्हणजे चुंबकाऐवजी तारेची गुंडाळी असलेल्या, सेल्फवर तो कधीकधी चालायचा. आताच्या बऱ्याच सेल्फमध्ये आत फेराइटचे चुंबक चिकटवलेले असतात. ते ठिसूळ असतात, ठोक्याने तडकतात, आणि मग आहे तेही संपतं.

काम सकाळी उजाडताच काढलं. एक तर रात्रभरात इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण थंड झालेले असतात, आणि दुसरं म्हणजे नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होता. ऊन वर आलं की पोर्चमध्येसुद्धा पाना हातात धरवत नाही. शेजारचे काका आले. ते अंबाझरीच्या आयुध निर्माणीत फिटर होते, निवृत्त झालेत. त्यांनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं.

"बेटा, अंगठी काढ. घड्याळ, बांगड्या, गळ्यातलं, सगळं घरात ठेवून ये."

बारा व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून लोक बेफिकीर असतात. शॉक लागत नाही हे खरं, पण भाजतं. अंगठी पॉझिटिव्ह आणि बॉडीच्या मध्ये सापडली तर क्षणात लाल होते, आणि ती बोटातून निघतही नाही. सगळं काढून ठेवलं, डोळ्यांना गॉगल लावला, कारण खालून काम करताना माती सरळ डोळ्यांत पडते.

मग बॅटरी. किल्ली काढून घरात ठेवली. १० नंबरच्या पान्याने आधी निगेटिव्ह सैल केली, काढली आणि कापडात गुंडाळून लांब वळवली. आधी निगेटिव्हच का? गाडीचं सगळं लोखंडी अंग निगेटिव्हला जोडलेलं असतं. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलात आणि पान्याचं दुसरं टोक बॉडीला टेकलं तर थेट शॉर्ट. पाना तिथेच चिकटू शकतो, बॅटरी फुटू शकते. निगेटिव्ह एकदा सुटली की पाना कुठेही टेकला तरी सर्किट पूर्ण होत नाही. सेल्फवरची जाड वायर थेट बॅटरीवरून येत असल्याने हा क्रम इथे सगळ्यात महत्त्वाचा.

सेल्फचा वरचा बोल्ट वरून हाताला येतो, खालचा मात्र गाडीखाली गेल्याशिवाय नाही. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडाचे ठोकळे लावले, हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला. पुढून उचलून, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागांवर दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड लावले. गाडीसोबत येणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर कुणीही खाली जाऊ नये. विटांवरही नाही. विटा काही न सांगता फुटतात. स्टँड लागल्यावर काका म्हणाले, "आता गाडी जोरानं हलवून पाह्य. पडाचीच असंन तर आत्ता पडू दे, तू खाली असताना नको." दोघांनी बाजूने हलवली. जागची हलली नाही. तरीही सोडवून ठेवलेलं एक जुनं चाक मी बॉडीखाली आडवं सरकवलं आणि मग आत गेले.

वायरींचा फोटो काढला. बारीक वायरीच्या कनेक्टरला लॉक असतं. ते दाबून कनेक्टर ओढायचा, वायर ओढायची नाही. जाड वायरीचा नट काढून रिंग बाजूला घेतली. खालचा बोल्ट गंजून बसला होता. गंज सोडवायचं ऑइल मारून चहा होईपर्यंत तसाच ठेवला, मग लांब दांड्याच्या रॅचेटने, पाना तोंडाच्या रेषेत येणार नाही असं बसून, हळूहळू ताण दिला. सुटला. शेवटचा बोल्ट काढायच्या आधी एक हात सेल्फच्या खाली धरलेला हवा. तीन-साडेतीन किलोचं लोखंड आहे ते, बोल्ट निघाला की तोंडावर येतं. दोन्ही बोल्टांची लांबी वेगळी होती, म्हणून कोणता कुठला ते खडूने लिहून ठेवलं.

सेल्फ निघाला की त्या भोकातून फ्लायव्हीलचे, म्हणजे सेल्फ इंजिनाचं जे जड चाक फिरवतो त्याचे, दाते दिसतात. ही संधी कुणी सोडू नये. गिअर न्यूट्रलला आणून काकांनी पान्याने इंजिन हळू फिरवलं आणि मी टॉर्च मारून पूर्ण चक्कर पाहिली. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुधा समोरासमोरच्या ठरावीक दोन जागांवरच थांबतं, त्यामुळे सेल्फचा पिनियन, म्हणजे त्याच्या नाकावरचा छोटा दातेरी गिअर, तिथेच पुन्हा पुन्हा आदळतो आणि झीज तिथे दिसते. माझ्या गाडीत त्या जागी कडा थोड्या गोल झाल्या होत्या, दाता तुटलेला नव्हता. तुटलेला असता तर नवा सेल्फही लवकरच खराब झाला असता, आणि मग गिअरबॉक्स उतरवण्यावाचून इलाज नव्हता.

जुना सेल्फ पिशवीत घालून घाट रोडवर सेल्फ-डायनमो दुरुस्त करणाऱ्याकडे नेला. त्याने समोर उघडून दाखवला. सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळून काळे पडले होते, हे अपेक्षितच होतं. पण कार्बनही (फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) संपत आले होते, ते ज्यावर घासतात त्या कम्युटेटरवर चरे पडले होते आणि दांड्याला आधार देणारा बुश ढिला झाल्याने आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, एका बाजूने घासत होतं. "ताई, कॉन्टॅक्ट टाकून देतो मी, चालूही होऊन जाईल. पण आर्मेचर असं आहे ना, दिवाळीपर्यंतही नाही टिकणार," त्याने सरळ सांगितलं. मला ते पटलं. नुसते कार्बन किंवा कॉन्टॅक्ट गेले असतील तर दुरुस्ती जरूर करावी, नव्याच्या मानाने ती कितीतरी स्वस्त. आर्मेचर आणि बुश दोन्ही गेले की नवा घेणंच बरं.

नवा घेताना जुना शेजारी ठेवून एकेक गोष्ट जुळवली: लेबलवरचा पार्ट नंबर, किलोवॉट, पिनियनचे दाते, बोल्टच्या भोकांमधलं अंतर, नाकाची लांबी आणि फिरण्याची दिशा. दिसायला सारखे पण एक दाता कमी-जास्त असलेले सेल्फ असतात. दुकानदाराने नवा सेल्फ व्हाइसमध्ये घट्ट आवळून, बॅटरी लावून दोन सेकंद फिरवून दाखवला. हातात धरून कधी फिरवू नये, सुरू होताना त्याला जबरदस्त झटका बसतो.

बसवताना एक गोष्ट बहुतेक जण सोडून देतात. बहुतेक सेल्फला वेगळी अर्थिंगची वायर नसते, त्याची निगेटिव्ह म्हणजे त्याचं स्वतःचं अंग. गिअरबॉक्सच्या ज्या तोंडावर तो टेकतो तिथे गंज, ग्रीस किंवा रंग असेल तर नवा सेल्फही सुस्त फिरतो. मी ते तोंड तारेच्या ब्रशने चकचकीत केलं आणि कोरड्या कापडाने पुसलं. बोल्ट आधी बोटांनी आटे जुळेपर्यंत फिरवले, मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापानुसार टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने, आवळले. जाड वायरीचा नट मात्र बेताने. तो तांब्याचा खुंट जास्त ताणाने फिरला तर सोलेनॉइडचं झाकणच तडकतं. रबराची टोपी परत चढवली आणि वायर सायलेन्सरपासून लांब, मूळच्या क्लिपमध्ये अडकवली. टोपी हरवली असेल तर नवी घालावी. त्या खुंटावर गाडी बंद असतानाही करंट असतो.

हत्यारं मोजून बाहेर काढली, आडवं चाक काढलं, गाडी स्टँडवरून उतरवली, एअर फिल्टर बसवला. बॅटरीची निगेटिव्ह सगळ्यात शेवटी लावली. न्यूट्रल, हँडब्रेक, समोर कुणी नाही. पहिल्या किल्लीत इंजिन सुरू झालं. क्रँकिंगला, म्हणजे सेल्फ इंजिन फिरवत असताना, मीटरवर १०.७ आणि इंजिन चालू असताना १४.२, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही ठीक. किल्ली सोडल्यावर घरघर येते का ते कान देऊन ऐकलं, कारण पिनियन मागे आला नाही तर तो आवाज येतो. आला नाही. एकदा जरी इंजिन लागलं नाही तरी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावं, नाहीतर नवी वायंडिंग तापून जळते. हे मुलालाही सांगून ठेवलं आहे.

घड्याळ आणि रेडिओचे स्टेशन परत लावावे लागले. त्याच दुपारी, भर उन्हात गाडी तासभर फिरवून बंद केली आणि लगेच पुन्हा सुरू करून पाहिली, कारण कमजोर सेल्फ गरम इंजिनवरच आधी दगा देतो. लागली. पुढे शंभरेक किलोमीटर चालवल्यावर पुन्हा निगेटिव्ह काढून, स्टँड लावून दोन्ही बोल्टांना पाना लावून पाहिला. दोन्ही जागच्या जागी घट्ट होते.