उसवायचं हत्यार

क्विल्ट, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेली गोधडी, शिवायचं मनात आल्यापासून पहिला टाका पडेपर्यंत माझे दोन महिने गेले. दोन महिने मी सामान जमवत होते. गोल पात्याचे रोटरी कटर तीन मापांचे : 28, 45 आणि 60 मिलिमीटर. षटकोनी, त्रिकोणी, पाकळीच्या आकाराच्या ॲक्रिलिक पट्ट्या. इस्त्री फिरवली की खूण पुसणारं पेन. एक डबा भरला, मग दुसरा. शिवलेलं मात्र काहीच नाही.

यातलं कामाचं निघालं ते थोडंच. 45चा कटर रोज हातात असतो. 28चा वळणदार आकारांसाठी, आणि वळणं माझ्या नशिबी अजून यायचीत. 60चा म्हणे एका वेळी बरेच थर कापतो. मला एक थर सरळ कापताना घाम फुटत होता. बरं, हा कटर तरी किती जुना? 1979 साली ओल्फा या जपानी कंपनीने आणला. त्याआधीचे बहुतेक क्विल्ट बिचाऱ्या कात्रीनेच कापले गेले. कटरसोबत कापडाखाली ठेवायची, कापण्यासाठीची चटई लागतेच आणि 6 बाय 24 इंचांची लांब पारदर्शक पट्टीही. चटई मी हौसेने खिडकीत ठेवली. उन्हाने तिच्या कडा अशा उचलल्या गेल्या की पट्टी वर डुगडुगायला लागली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. माझं अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि ते मीच वाकडं केलं होतं.

सुयांची गंमत वेगळी. हाताने क्विल्टिंग करायच्या आखूड सुयांना ‘बिटवीन्स’ म्हणतात. मोठा आकडा म्हणजे दणकट सुई, असं समजून मी 12 नंबर आणला. आकडा वाढेल तशी सुई बारीक होते, हे तिचं नेढं शोधताना कळलं. आता 8 नंबर वापरते, अंगुस्तान घालून. खास हातशिलाईचा तो चकचकीत, कडक दोरा मशीनला घालू नये, हे मात्र वेळेवर कळलं.

पण खरी मेख पाव इंचात आहे. क्विल्टचे तुकडे जोडताना काठापासून पाव इंच सोडून शिवायचं. अडीच इंचांचे नऊ चौकोन ओळीने जोडले की पट्टी साडेअठरा इंच भरायला हवी. माझी साडेसतरा भरली. दोनदा मोजली, टेप बदलून मोजली. मग कागदावर हिशेब मांडला. शिलाई इंचाचा सोळावा भाग आत जात होती. एका शिवणीत दोन्ही चौकोनांचं तेवढं कापड जास्त जातं, म्हणजे इंचाचा आठवा भाग. शिवणी आठ. गेला एक इंच! एवढ्या सामानाने जे जमलं नाही ते करायला काय लागलं? पट्टी धरून सुईपासून बरोबर पाव इंचावर मशीनवर चिकटवलेला चिकटपट्टीचा तुकडा.

आणि उसवणी. इंग्रजीत सीम रिपर. ही मी विकत घेतलीच नव्हती. मशीनच्या खणात फुकट पडलेली होती, बोटाएवढी, दोन दातांची. एक दात लांब आणि अणकुचीदार, दुसरा आखूड, त्याच्या टोकाला लाल मणी. धार दोघांच्या मधल्या बेचक्यात. मी आधी प्रत्येक टाका एकेक कापत बसायचे आणि दोऱ्याचे बारीक तुकडे कपड्यांवर, केसांत, चहाच्या कपातसुद्धा सापडायचे. मग युक्ती समजली. एका बाजूने दर तिसरा-चौथा टाका कापायचा आणि कापड उलटवून दुसरा दोरा ओढायचा. सगळी शिवण एका झटक्यात सुटते. त्यात जो आनंद आहे तो शिवण्यात आहे की नाही, मला शंका आहे.

आठ शिवणी उसवल्या. चौकोन पुन्हा सुटे झाले, काठांना सुयांची भोकं तेवढी राहिली. त्यांच्यावरून इस्त्री फिरवली, घासत नाही, नुसती दाबत, नाहीतर कापड ताणलं जातं. मशीनवरची चिकटपट्टी बोटाने एकदा चाचपली आणि पहिले दोन चौकोन पुन्हा सुईखाली सरकवले.