मुशी कशाला शिकायची?

“सर, आपल्याकडं समुद्र नाही, अन् ह्या मुशीच्या रक्तवाहिन्या कशाला पाठ करायच्या?” पैठणच्या बाजूला प्राणिशास्त्र शिकवताना हा प्रश्न दरवर्षी येतो. पुन्हा विचारलात म्हणून सांगतो: मुशी, म्हणजे समुद्रातला छोटा शार्क मासा, कळल्याशिवाय मरळ कळत नाही, आणि मरळ तर आपल्याच पाण्यातली.

नाथसागराच्या मासळीत रोहू-कटला सकाळीच निपचित पडतात. मरळ मात्र दुपारीही टोपलीत तोंड उघडत-मिटत असते. “जीव चिवट हाय तिचा,” असं विकणाऱ्या मावशी म्हणतात. हा चिवटपणा कुठून येतो, ते पाहायचं तर आधी मुशीकडे जावं लागतं.

मुशीत रक्ताचा रस्ता एकेरी. हृदयातून अशुद्ध रक्त पोटाकडच्या महाधमनीत जातं, तिथून 5 जोड्या वाहिन्यांनी कल्ल्यांत. शुद्ध झालं की 4 जोड्यांनी पाठीकडच्या महाधमनीत आणि मग अंगभर. रोहूत रस्ता तोच, पण कल्ल्यांकडे जाणाऱ्या जोड्या 4. खरा फरक हृदयाच्या तोंडाशी आहे. मुशीत तिथे स्नायूंची, झडपांच्या रांगा असलेली नळी असते आणि ती स्वतः आकुंचन पावते. रोहूत तिच्या जागी पांढरा, लवचीक कंद असतो. तो ठोक्यासरशी फुगतो, मग सावकाश ओसरतो, म्हणून कल्ल्यांच्या नाजूक पापुद्र्यांना रक्ताचा धक्का बसत नाही.

आता मरळ. ही कल्ल्यांशिवाय हवेतूनही श्वास घेते. बाजारातून आणलेल्या मरळीचा गळा उघडून मी मुलांना तो कंद दाखवतो आणि पुढच्या वाहिन्या मोजायला लावतो. रोहूत एक निघते, इथे दोन! एक पहिल्या दोन कल्ल्यांतून डोक्यातल्या हवेच्या कप्प्याकडे जाते, दुसरी मागच्या दोन कल्ल्यांतून थेट शरीराकडे. हवेतून प्राणवायू घेतलेलं रक्त मात्र शिरेतून परत हृदयातच येतं आणि अशुद्ध रक्तात मिसळतं. फुप्फुसमाशांत अशा रक्ताला हृदयात वेगळी वाट असते, मरळीत तशी नाही. मला ही अर्धीमुर्धी सोयच जास्त विलक्षण वाटते. जुनाच रस्ता, फक्त एक फाटा वाढवलेला. तेवढ्यावर ती आटत्या डबक्यातही तग धरते.

गेल्या वर्षी प्रश्न विचारणारी मुलगीच चिमट्याने ती दुसरी वाहिनी उचलून धरून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, “सर, मुशीची आकृती परत काढा ना फळ्यावर.”