झोन ब्लॉकिंग: माणूस नव्हे, जागा

आमच्या बेळगाव-खानापूर भागात कुस्ती पाहून वाढलेल्या माणसाला अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू असलेल्या संघाची आघाडीची फळी म्हणजे पाच जोड एकाच वेळी लागल्यासारखी वाटते. झोन ब्लॉकिंगमध्ये मात्र नेमका हा हिशेबच बदलतो. येथे फळीतले पाचही खेळाडू, म्हणजे लाइनमन, चेंडू हलताच एकाच दिशेने पहिले पाऊल टाकतात आणि ठरलेला प्रतिस्पर्धी न शोधता आपल्या वाट्याच्या जागेत जो येईल त्याला अडवतात. समोर कोणी नसेल तर शेजाऱ्याच्या प्रतिस्पर्ध्याला दोघांनी मिळून रेटायचे आणि तो ताब्यात येताच दोघांपैकी एकाने सुटून मागे उभ्या बचावपटूवर, म्हणजे लाइनबॅकरवर, जायचे. कोणी सुटायचे, हे लाइनबॅकर कोणत्या बाजूने येतो त्यावर ठरते, आणि सारे कौशल्य त्या क्षणात आहे. बचाव बाजूला ओढला गेला की मध्ये फट पडते. चेंडू घेऊन धावणाऱ्या धावपटूने ती हेरून, पाय रोवून, एकदाच वळायचे. नागमोडी धावणाऱ्यांचे येथे काम नाही.

या पद्धतीला धार आणली ती डेन्व्हर ब्रॉन्कोस या अमेरिकी व्यावसायिक संघाचे लाइन प्रशिक्षक अ‍ॅलेक्स गिब्स आणि मुख्य प्रशिक्षक माइक शानाहान यांनी. नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) थेट सहाव्या फेरीत निवडलेला त्यांचा धावपटू टेरेल डेव्हिस १९९८ च्या हंगामात चेंडू घेऊन २००८ यार्ड धावला. तो जायबंदी झाल्यावर ओलँडिस गॅरी आणि माइक अँडरसन यांनीही हजार यार्डांचा टप्पा ओलांडला, म्हणून निम्मे श्रेय मी तरी फळीलाच देईन.