पहिल्या वेळी धावलात, मग शेवटच्या वेळी का थांबलात?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो आहे. माझ्या आईला स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. त्यात संसर्ग रक्तात उतरून ती पहिल्यांदा बेशुद्धीला पोचली तेव्हा मी तिला वाचवायला धावलो, आणि शेवटच्या वेळी मात्र व्हेंटिलेटर लावू दिला नाही. विचारणारे तुम्ही एकटे नाही. तेरवीला आलेल्या पाहुण्यांनी विचारले, शाळेतल्या सहकाऱ्यांनी विचारले, कापूस वेचायला येणाऱ्या बायांनी धुऱ्यावर थांबून विचारले, "गुरुजी, पहिल्या खेपेले माय अशीच बेसुद होती न? अन् उठून घरी आली न? मंग या खेपेले मशीन काहून नाही लावू देली?" प्रश्नात दुष्टावा नसतो हे मला कळते. तरीही प्रत्येक वेळी उत्तर अर्धवट राहते, कारण ते उभ्या उभ्या देता येण्यासारखे नाही.

आधी पहिल्या वेळचे वैद्यकीय कारण तेवढे सांगतो. आईच्या स्वादुपिंडातल्या गाठीने पित्तनलिका दाबली होती आणि पित्ताला वाट मिळावी म्हणून नागपूरला तीत प्लॅस्टिकची नळी, म्हणजे स्टेंट, बसवला होता. असा स्टेंट साधारण तीन महिन्यांत गाळाने बुजू लागतो. तो बुजला, साचलेल्या पित्तात जंतू वाढले आणि रक्तात उतरले. संध्याकाळी हुडहुडी भरली, रात्री ती असंबद्ध बोलू लागली, लघवी जवळजवळ थांबली आणि यवतमाळला पोचेपर्यंत वरचे बीपी ऐंशीवर आले होते. अँटिबायोटिक आणि सलाईन चालू करून तिला रात्रीच नागपूरला हलवले, सकाळी तोंडातून दुर्बीण घालून स्टेंट बदलला, अडकलेला पू वाहून गेला आणि थोड्याच दिवसांत ती चहा बेचव झाल्याची तक्रार करू लागली.

त्यानंतर मी गावात सांगत सुटलो, आणि आज माझेच शब्द माझ्यासमोर ठेवले जातात. मी सांगत असे की आईला झाला तो सेप्सिस म्हणजे नुसता ताप नव्हे. संसर्गाला शरीर जो बेताल प्रतिसाद देते, त्याने त्याचेच अवयव निकामी होऊ लागतात, आणि 2016 पासून जगभरचे डॉक्टर सेप्सिसची व्याख्या अशीच करतात. केमोथेरपीनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्यांतल्या जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये 500 च्या खाली असताना 101 फॅरनहाइटच्या आसपास ताप आला, तर सकाळची वाट पाहायची नसते आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस तासाभरात शिरेतून जावा लागतो. खर्रा खाऊन तोंडाचा कॅन्सर झालेल्या आमच्या वस्तीतल्या एका तरुणाला मी याच आग्रहाने रात्री गाडीत घालून पाठवले होते, आणि तो आजही शेतात जातो. यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. तुमच्या घरात केमोचा रुग्ण असेल, तर ताप आल्यावर गावातल्या डॉक्टरकडून एक इंजेक्शन टोचून घेऊन झोपी जाऊ नका.

मग शेवटच्या वेळी काय वेगळे होते? ताप तोच होता, हुडहुडी तीच होती, डोळ्यांचा पिवळेपणाही तोच होता. पण त्या तापाखालचे शरीर तेच नव्हते. गाठी यकृतात पसरल्या होत्या, पोटात पाणी साचले होते, केमोथेरपी थांबवून काही आठवडे झाले होते आणि आई खाटेवरून उठत नव्हती. गाठीने लहान आतड्याचे तोंड इतके आवळले होते की दुर्बीण पित्तनलिकेपर्यंत पोचणे शक्य नव्हते. बरगड्यांखालून सुई घालून यकृतातून नळी बाहेर काढण्याचा मार्ग असतो. परंतु यकृतातल्या पित्ताच्या फांद्याच जागोजागी बंद झालेल्या असल्या आणि पोटात पाणी असले, तर त्या एका नळीने फारसे साधत नाही, आणि रक्तस्रावाची भीती राहते ती वेगळीच.

हे सारे मला एका तरुण डॉक्टरने आयसीयूबाहेरच्या वऱ्हांड्यात सांगितले. मी त्या अर्ध्या तासाबद्दल सविस्तर लिहिणार आहे, कारण तुमचा प्रश्न खरे तर त्याच अर्ध्या तासाबद्दल आहे. बीपी टिकवण्यासाठी नॉरॲड्रेनॅलिन चालू होते आणि त्याची मात्रा सकाळपासून वाढवत न्यावी लागत होती. लघवीच्या पिशवीत काही उतरत नव्हते. तिचा श्वास जलद आणि उथळ झाला होता, गुडघ्यांवर जांभळट जाळी उमटली होती. डॉक्टर म्हणाले की आता व्हेंटिलेटर लावावा लागेल आणि किडनीसाठी डायलिसिसही, तेव्हा संमतीपत्रावर सही करा. मी विचारले, "मशीन लावली तर ती काढायची वेळ कधी येईल?" ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "सर, जंतूंवर आमच्याकडे औषध आहे. पण घाण जिथून येते आहे ती जागा आम्हाला उघडता येत नाही. ती उघडली नाही, तर औषध फार काळ पुरणार नाही." मी पुन्हा विचारले, "ही तुमची आई असती तर?" तो प्रश्न मी विचारायला नको होता असे अनेकांना वाटते, कारण त्याचे ओझे समोरच्यावर पडते. तरीही मी तो विचारला आणि त्यांनी उत्तर दिले नाही. फक्त तिला भेटायला आत जायची वेळ नसतानाही मला आत सोडले.

आत आई शुद्धीच्या काठावर होती. तिने माझा हात ओळखला. "बाबू, मले घरी ने. आता कुठीच नेऊ नोको." हे वाक्य ऐकून निर्णय सोपा झाला असेल, असे समजू नका. सेप्सिसमध्ये मेंदू गोंधळलेला असतो. पहिल्या वेळीही तिने हेच म्हटले होते आणि त्या वेळी मी तिचे न ऐकता तिला नागपूरला नेले होते, म्हणूनच तिला पुढचे महिने मिळाले. फरक एवढाच होता की या वेळी तेच वाक्य ती शुद्धीत असताना, ताप नसताना, दिवाळीच्या आधीपासून पुन्हा पुन्हा बोलत आली होती. मी त्या आधीच्या बोलण्यावर विसंबलो, त्या दुपारच्या बोलण्यावर नव्हे.

बाहेर येऊन मी म्हणालो की मशीन नको, पण तिचा दम आणि कळ कमी होईल असे उपचार इथेच द्या. तेव्हा मला कळले की त्या दवाखान्यात कागद दोनच होते. एक व्हेंटिलेटरच्या संमतीचा आणि दुसरा "वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रुग्णास घेऊन जात आहोत" असा. मधला कागद नव्हता. वास्तविक सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी सांगितले आहे. जिथे रुग्णाने आधी काही लिहून ठेवलेले नाही, तिथे नातेवाइकांशी बोलून डॉक्टरांची दोन मंडळे निर्णय घेऊ शकतात, आणि 24 जानेवारी 2023 च्या आदेशाने ती पद्धत सोपी करून प्रत्येक मंडळाने शक्यतो 48 तासांत मत द्यावे असेही म्हटले आहे. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी आईकडे तेवढे तास नव्हते. मी दुसऱ्या कागदावर सही केली.

माझा राग त्या सहीवर नाही. राग आहे तो सहीनंतर जे घडले त्यावर. सल्ल्याविरुद्ध निघालो म्हणून आम्हाला औषधांची चिठ्ठी मिळाली नाही, घरी काय करावे ते कोणी सांगितले नाही. गुन्हा करून पळणाऱ्यांसारखे आम्ही मागच्या दाराने खासगी ॲम्ब्युलन्समध्ये बसलो. रस्त्यात आईचा दम वाढला, ती कुशी बदलायला धडपडत राहिली, आणि बहीण मला म्हणाली, "हेच हवं होतं का तुला?" त्या क्षणी मी ॲम्ब्युलन्स परत फिरवायला सांगणार होतो. घरी पोचल्यावर नागपूरच्या पॅलिएटिव्ह, म्हणजे रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, विभागातून पूर्वी मिळालेल्या मॉर्फिनच्या गोळ्या फडताळात सापडल्या म्हणून निभावले. तिथल्या सिस्टरांनी फोनवर डॉक्टरांना विचारून सांगितले की गोळी थेंबभर पाण्यात विरघळवून गालाच्या आत सोडा, आणि लघवी थांबली असल्याने औषध शरीरात साचते, तेव्हा मात्रा कमी ठेवा व दोन वेळांमधले अंतर वाढवा. अर्ध्या-पाऊण तासाने तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. श्वास जलदच होता, पण ती त्याच्याशी झगडत नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

काकू अजून म्हणतात की त्या गोळीने ती लवकर गेली. दम कमी करण्यासाठी मोजून दिलेल्या लहान मात्रेने मरण अलीकडे येत नाही, असेच या विषयातले डॉक्टर सांगतात, आणि मी जे डोळ्यांनी पाहिले त्याच्याशी ते जुळते. ज्यांच्या फडताळात अशी पट्टी नसते त्यांचे काय होत असेल, हा विचार मला जास्त छळतो. 2014 मध्ये अमली पदार्थांचा कायदा बदलून मॉर्फिनची वाट मोकळी करण्यात आली खरी, परंतु ते मान्यताप्राप्त संस्थांतूनच मिळते आणि आमच्या तालुक्याच्या गावात मला ते एकाही मेडिकलवर मिळाले नाही. त्या रात्री शेजारी सांगत होते की निदान एक सलाईन तरी लावा. मी नको म्हणालो, कारण सेप्सिसमध्ये रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि ते पाणी फुप्फुसांत व सुजलेल्या अंगात उतरून दम वाढवते. ओल्या कापसाने तिचे ओठ भिजवत राहणे एवढेच आम्ही केले, आणि लोकांना ते काहीच न करण्यासारखे दिसले.

पैशाचाही प्रश्न तुम्ही आडून विचारता, तर सरळ सांगतो. महात्मा फुले योजनेने बराच खर्च उचलला होता, तरी शिक्षकांच्या पतसंस्थेचे कर्ज डोक्यावर होते आणि वऱ्हांड्यात उभा असताना मला त्याची आठवण झाली. झाली नाही असे म्हणणे खोटे ठरेल. पैसे नसते लागले तर मी सही केली असती का? केली असती, असे मला वाटते. पण पहिल्या रात्री ॲम्ब्युलन्सच्या मागे मोटारसायकलवरून धावणारा तो मी आज समोर आला, तर त्याला हे पटेल याची मला खात्री नाही. तो म्हणेल, तेव्हाही डॉक्टरांनी आशा ठेवू नका असेच सांगितले होते. मी त्याला म्हणेन की तेव्हा नळी बदलता येत होती. तो विचारेल, सुईची नळी एकदा घालून पाहायला काय हरकत होती? या प्रश्नावर आमचे दोघांचे भांडण तिथेच अडते.

बहीण त्याच्या बाजूची आहे. तिच्या मते तीन दिवस मशीनवर ठेवून, ती नळी घालून पाहायला हवी होती, आणि नाही जमले तर मग घरी आणायचे. तिचे म्हणणे खोडून काढायला माझ्यापाशी काही नाही. इतकेच सांगू शकतो की सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे सेप्सिसने बीपी कोसळलेल्या अवस्थेत, गेलेल्यांपैकी 40 टक्क्यांहून अधिक माणसे दवाखान्यातच दगावतात, आणि या आकड्यात सर्व प्रकारचे रुग्ण येतात, आईसारखे थकलेले रुग्ण त्यातला एक लहान भाग. त्यावर ती म्हणते की उरलेली माणसे तर घरी जातात ना.

ज्यांच्या घरी आता असा रुग्ण आहे, ते याच प्रश्नाच्या आडून स्वतःसाठी विचारत असतात. त्यांना मी माझे उत्तर देत नाही. संसर्ग कुठून येतो आहे, ती जागा उघडता किंवा काढता येईल का, त्यातून उठला तर पुढे कॅन्सरवर काही उपचार शिल्लक आहे का, आणि मशीन नको म्हटले तर दमासाठी व कळेसाठी काय देणार, हे डॉक्टरांना विचारा, आणि ते वऱ्हांड्यात नव्हे तर रुग्ण बोलता असताना, त्याच्यासमोर विचारा, एवढे सांगतो.

शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणारे माझे स्वतःचे इच्छापत्र, म्हणजे ज्याला लिव्हिंग विल म्हणतात ते, मी दोन साक्षीदारांसमोर लिहून यवतमाळला नोटरीकडून साक्षांकित करून घेतले आहे. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीकडे द्यायची असते. ती कोणत्या फायलीत ठेवायची ते अजून ठरलेले नाही. माझ्या वतीने निर्णय घेणाऱ्यांत बायकोबरोबर बहिणीचेही नाव असावे असे मला वाटत होते. तिने ते घालू दिले नाही, आणि तिची मनधरणी करायला मी अजून तिच्या घरी जातो.