कास्टिंगच्या निर्यातीसाठी लाकडी पॅलेट निवडताना

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींतून परदेशी जाणाऱ्या कास्टिंगच्या, म्हणजे धातू ओतून बनवलेल्या भागांच्या मोजमापांवर आणि पृष्ठभागाच्या गुणवत्तेवर महिनोन्महिने मेहनत घेतली जाते. मात्र ते भाग ज्या लाकडी पॅलेटवर बसून न्हावा शेवा बंदरापर्यंत आणि तिथून पुढे समुद्रापार जातात, त्याची खरेदी बहुतेक वेळा केवळ दर विचारून उरकली जाते. पाठवणीचे काम जवळून पाहणारा माणूस म्हणून मला ही पद्धत फार धोक्याची वाटते.

पॅलेट निवडताना पहिला प्रश्न वजनाचा असतो, हे खरे. पण 'किती टन पेलेल?' एवढेच विचारून उपयोग नाही. जमिनीवर स्थिर ठेवलेले पॅलेट जेवढा भार सहज सोसते, तेवढा भार ते फोर्कलिफ्टच्या दोन काट्यांवर सोसत नाही, आणि रॅकमध्ये केवळ दोन कडांवर टेकून मधला भाग अधांतरी राहिला, तर त्याची क्षमता आणखी खाली येते. म्हणून माल उतरल्यावर ग्राहकाच्या गोदामात तो जमिनीवर राहणार की रॅकवर चढणार, हे ऑर्डर घेतानाच विचारून घ्यावे. कास्टिंगच्या बाबतीत एक विशेष अडचण अशी, की माल आकाराने लहान आणि वजनाने जड असल्यामुळे सगळा भार मधल्या दोन-तीन फळ्यांवर एकवटतो. अशा वेळी फळ्या जाड करण्याइतकेच, माल ठोकळ्यांच्या, म्हणजे फळ्यांखालच्या पायांसारख्या जाड तुकड्यांच्या, वर येईल अशी मांडणी करणेही महत्त्वाचे असते.

मापाच्या बाबतीत 'युरोपला जायचे आहे, तर युरो पॅलेट' असे सरसकट ठरवू नये. 1200 बाय 800 मिलिमीटरचे हे पॅलेट युरोपातील रेल्वे आणि ट्रक यांच्यासाठी सोयीचे आहे, परंतु समुद्री कंटेनरची आतील रुंदी सुमारे 2.35 मीटर असते. 1200 ची दोन किंवा 800 ची तीन पॅलेटे शेजारी ठेवली, तर दोन्ही वेळा 2.4 मीटर जागा लागते, म्हणजे थोडक्यासाठी ती बसत नाहीत. एक आडवे आणि एक उभे ठेवले, तर तब्बल 35 सेंटिमीटर रिकामे राहतात आणि तिथे माल सरकू नये म्हणून आधार ठोकावे लागतात. 1200 बाय 1000 च्या पॅलेटची एक बाजू 1200 ची आणि शेजारच्याची 1000 ची धरली, की 2.2 मीटर होतात आणि वीस फुटी कंटेनरच्या तळावर अशी दहा पॅलेटे नीट बसतात. कास्टिंगने कंटेनर जागेआधी वजनानेच भरत असल्यामुळे मला हेच माप अधिक योग्य वाटते. मात्र ग्राहकाचे रॅक 800 च्या मापाचे असतील, तर त्याचेच ऐकावे लागते.

हँड पॅलेट ट्रक, म्हणजे दांडा मारून पॅलेट उचलणारी हाताने ओढायची गाडी, वापरणाऱ्या ग्राहकासाठी खालच्या फळ्यांची रचना निर्णायक ठरते. या गाडीची पुढची चाके जिथे खाली टेकतात, तिथे आडवी फळी आली, तर दांडा मारताच चाकांच्या दाबाने ती उखडते. चारही बाजूंनी काटे जातील असे ठोकळ्यांचे पॅलेट थोडे महाग पडते, पण अरुंद गोदामात त्याला पर्याय नाही.

लाकडी पॅकिंगसाठीचा आंतरराष्ट्रीय नियम, म्हणजे आयएसपीएम 15, आता निर्यातीतल्या बहुतेकांना ठाऊक आहे. 1996 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात आशियातून आलेला एक लांब मिशांचा भुंगेरा सापडला आणि त्याला आवरण्यासाठी पुढे तिथली हजारो झाडे तोडावी लागली. तो लाकडी पॅकिंगमधून आला असे मानले जाते. अशा अनुभवांनंतर 2002 मध्ये हा नियम स्वीकारला गेला. त्यानुसार लाकडाची साल काढून त्याच्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस तापमान सलग किमान 30 मिनिटे राहील अशी उष्णता देतात, किंवा मिथाइल ब्रोमाइडची धुरी देतात. हा वायू ओझोनच्या थराला घातक असल्यामुळे मी नेहमी उष्णतेचाच, म्हणजे 'एचटी' अक्षरांचा शिक्का मागतो. गव्हाच्या लोंबीचे चिन्ह, देशाचा संकेत आणि उत्पादकाचा क्रमांक असलेला तो शिक्का समोरासमोरच्या किमान दोन बाजूंवर स्पष्ट वाचता आला पाहिजे. सहा मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकूड आणि प्लायवुड यांना हा नियम लागू नाही.

परंतु एचटीचा शिक्का म्हणजे लाकूड वाळल्याची हमी नव्हे, आणि माझ्या मते याच ठिकाणी सर्वाधिक नुकसान होते. अर्धा तास उष्णता दिल्याने कीड मरते. ताज्या कापलेल्या लाकडातले पाणी मात्र बरेचसे तसेच राहते. पावसाळ्यात वखारीच्या उघड्या अंगणात रचलेली पॅलेटे शिक्का असूनही ओलीच असतात. बंद कंटेनरमध्ये दिवसा तापमान वाढले, की तो ओलावा हवेत येतो आणि रात्री छत गार झाले, की दवासारखा मालावर ठिबकतो. मशिनिंग केलेल्या पृष्ठभागावर गंज चढायला एवढे पुरे असते. गंजरोधक पिशवीने संरक्षण मिळते, पण पिशवी फळीच्या टोकाने फाटली, तर तेही संपते. त्यामुळे आर्द्रता 20 टक्क्यांहून कमी असावी, ही अट खरेदीच्या कागदातच लिहावी आणि प्रत्येक गठ्ठ्यातली काही पॅलेटे सुईच्या आर्द्रतामापकाने तपासावीत, तीही फळ्यांऐवजी ठोकळ्यांत, कारण ठोकळे सर्वांत उशिरा वाळतात.

ओल्या लाकडाचा दुसरा परिणाम खिळ्यांवर होतो. वाळताना लाकूड आकसते, पकड सैल पडते आणि गुळगुळीत खिळे वर येऊ लागतात. त्याऐवजी अंगावर कडी किंवा पीळ असलेले खिळे घेतले, तर थोडा जास्त खर्च होतो, पण फळी ठोकळ्याला घट्ट धरून राहते. लाकडाच्या जातीपुरते सांगायचे, तर न्यूझीलंडहून कांडला बंदरात येणारे पाइन हलके आणि सरळ रेषांचे असल्यामुळे निर्यातीला बरे पडते. आंब्याचे लाकूड स्वस्त असले तरी त्याला कीड लवकर लागते, आणि बाभूळ मजबूत असली तरी जड असते व खिळा ठोकताना टोकाला फाटू शकते.

परत आलेली पॅलेटे दुरुस्त करून वापरायला माझी हरकत नाही. मात्र एक तृतीयांशाहून अधिक भाग बदलला असेल, तर जुना शिक्का पूर्ण पुसून पॅलेटवर पुन्हा प्रक्रिया करून नवा शिक्का मारणे बंधनकारक आहे, आणि हे काम मान्यताप्राप्त केंद्राकडूनच करून घ्यावे लागते.